दर रविवारी तुमची लाइट जाते

प्रिय पापा,

हसू नका. माझं अक्षर कसं आहे ते मला माहीत आहे. पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, मग काय करू? हे पत्र मिलाग्रोसताई तुम्हाला वाचून दाखवेल. ताई, शिव्या आल्या तरी गाळू नकोस.

परवा फोन केला. नेहमीसारखा आधी तुमचा आशीर्वाद मागितला, "आशीर्वाद, पापा." आणि तुम्ही? "हॅलो, हॅलो, लाइट गेली!" म्हणून फोन बंद. पापा, मोबाइलला लाइट लागत नाही. आणि मागं शेजारच्या फ्रान्सियाकाकूंचा टीव्ही ठणाणा ओरडत होता, तो मी ऐकला. मी घर सोडल्यापासून दर रविवारी तुमची लाइट जाते!

गल्लीत दुसऱ्या कोणाला आशीर्वाद द्यायला नाही म्हणता तुम्ही? डोमिनोची सोंगटी आपटता आपटता, मान वर न करता वाटत असता. शाळेची पोरं, अवोकाडोवाला, कोणीही. तो मोनचो, ज्यानं आपली कोंबडी पळवली, त्यानं कुंपणावरून "आशीर्वाद, एलिहियोकाका" म्हटलं तरी तुमचं आपलं, "देव तुझं भलं करो रे मेल्या, कोंबडी नीट शिजली ना?" कोंबडीचोराला मिळतो. पोटच्या पोराला नाही.

माझा गुन्हा काय, तर मी तुमच्यासोबत डुलत्या खुर्च्या बनवायला थांबलो नाही. पापा, ती खुर्ची दिवसभर पुढं-मागं होते आणि जागची हलत नाही. माझ्यानं नाही झालं ते. त्यात तुमचा अपमान कुठं आला? मला विमानतळावर सोडायला अख्खी गल्ली ट्रकमध्ये बसून आली, भाताचं पातेलं घेऊन आली. तुम्ही तेवढे अंगणात पॉलिश पेपर घासत बसलात.

इथं बॉस्टनला मी छपरांवर काम करतो. बर्फ पडला की पाय सरकतो. शिडीवर पाय ठेवण्याआधी मी म्हणतो, "आशीर्वाद, पापा," आणि तुमच्या घोगऱ्या आवाजात मीच उत्तर देतो, "देव तुझं भलं करो, पोरा." मुकादम खालून ओरडतो, "ए, कोणाशी बोलतोस?" ओरडू दे. त्याशिवाय मी चढत नाही.

माझ्यावर खुशाल रागवा. मरेपर्यंत रागवा. मी तुमचाच पोरगा आहे, मलाही जमतं. पण या रविवारी फोनवर मी नसेन. माझ्या बायकोच्या मांडीवर बसून तुमचा नातू असेल. नाव तुमचंच ठेवलंय, एलिहियो. आता बोलायला लागलाय. अजून बाकी काही येत नाही, मी तेवढा एकच शब्द शिकवलाय. तो शब्द म्हणून झाला की तोंड उघडं ठेवून बघत बसतो, उत्तर येईपर्यंत. लाइट गेली म्हणून सांगितलं तर त्याला कळत नाही, पापा.

तुमचाच,
वेलिंग्टन