तू विहिरीचंच पाणी मागितलंस

मंगला गौरी, वाराणसी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. रत्नाकर यास अक्काचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडली आहे, ह्यांचा खोकला दरवर्षीप्रमाणे वर आलाय, तरी पहाटे पंचगंगा घाटावर बुडी मारून येणं काही सुटत नाही. माझी शाळा चालू आहे. नववीचे पेपर तपासून झाले. निम्म्या वर्गाने जिवाणू आणि विषाणू एकच करून टाकलेत. आनंदीने पाठवलेलं मेतकूट पोचलं, तिला सांग.

पत्र बघून चमकशील. फोनवर मी सुरुवात केली की तू मध्ये बोलतोस, आणि तू मध्ये बोललास की मला थांबायला निमित्त मिळतं. अशी दोनदा थांबले आहे.

परवा स्वरदाचा मेसेज आला. "आत्या, मी बाहेरचं खाल्लं आणि तुमच्याकडच्या कार्याला गालबोट लावलं. बाबा म्हणाले तुमची माफी माग. सॉरी." पोटावर वीतभर टाके घेऊन पडलेल्या पोरीने माझी माफी मागायची! आणि मी काय उत्तर पाठवलं? 'अगं असू दे, तब्येतीला जप.' पुढे हात जोडल्याचं चित्र. मला माझीच किळस आली रे.

तर आता विहिरीचं लिहिते.

बावीस वर्षांपूर्वी तू आमच्याकडे आलास तेव्हा सासूबाईंनी पुढे केलेला तांब्या तू हाताने मागे सारलास. "ह्या गल्ल्यांमधलं पाणी प्यायलं तर माणूस दगावेल," म्हणालास आणि पिशवीतून विकतची बाटली काढलीस. त्या गप्प राहिल्या. मी नाही राहिले. त्यानंतर तू आमच्या उंबऱ्याशी आला नाहीस. यंदा पितृपक्षात आबांचं श्राद्ध काशीत करायचं ठरवलंस आणि फोनवर म्हणालास, "अक्का, उतरणार तुझ्याकडेच. आणि ह्या खेपेला तुझ्या विहिरीचंच पाणी पिणार." तुझी माफी मागायची तऱ्हा मला ठाऊक आहे. मी दोन दिवस घरात गुणगुणत फिरत होते.

तुम्ही यायच्या चार दिवस आधी मोहल्ल्यातली आशाताई, आरोग्य खात्याची, विहिरींचं पाणी तपासायला आली. छोटी बाटली असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस उबेत ठेवायचं. काळं पडलं तर पाण्यात मैला उतरतोय. आमची बाटली एका दिवसात डांबरासारखी काळी झाली. मागच्या घराचा शौचालयाचा खड्डा आमच्या विहिरीपासून जेमतेम दहा हातांवर आहे, तेव्हा नवल काहीच नव्हतं. ती म्हणाली, "दीदी, ये पानी मत पीजिए। दवा डलवाइए, तब तक उबाल के पीजिए।"

तुला वाटेल, ह्यांनी औषध टाकू दिलं नसेल. भिक्षुकाचं घर, सोवळं, देवाचं पाणी. कुणालाही तसंच वाटेल. पण हे लगेच म्हणाले, "अगं, मग ब्लीचिंग टाकू या ना. एक दिवस विहीर बंद ठेवू, मग उपसून टाकू. तोवर देवाला नळाचं चालेल. देव काय शिकायत करणार आहे?"

नको म्हणाले ती मी. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवणारी मी. पाण्याला औषधाचा वास राहील, पहिल्याच घोटाला तू तोंड वाकडं करशील आणि बावीस वर्षांनंतर तुझंच खरं ठरेल, हे मला सहन होईना. ह्यांना सांगितलं की बाटली जुनी होती, शाळेच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं, पाणी चांगलं आहे. माझ्या शाळेतल्या तपासणीवर ह्यांचा देवाइतका विश्वास.

मग तुम्ही आलात. तू सगळ्यांसमोर तांब्या तोंडाला लावलास आणि माझ्याकडे बघून हसलास. मीही हसले. स्वरदा तर येता-जाता पाणी मागायची, "आत्या, किती गोड आहे गं!" उकळून ठेवलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस, म्हणून उकळलं नाही. मी स्वतः पाच दिवस नुसत्या चहावर काढले. तू चिडवलंस, "अक्का, काशीत राहून पक्की चहाबाज झालीस." लक्षात आहे?

इथवरचं एखाद्याने पोटात घातलं असतं. पुढचं नाही घालता येणार.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुझा फोन आला. पोरीला चार दिवस ताप आहे, पोट दुखतंय, तिकडे बाहेर चरत होती का? पाच दिवसांत तिने एकदाच कचोरी खाल्ली होती, कढईतून काढलेली गरम, आणि तीही माझ्यासोबत. मी म्हणाले, "हो रे, रोज जायची. ऐकते कुठे." तू म्हणालास, "दोन दिवस उपाशी ठेवतो, मग कळेल."

रत्ना, आमचं पाणी खराब होतं, आजच्या आज तिचं रक्त तपासून घे. एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणाले. त्यानंतर बारा दिवस तुम्ही तिला काढे पाजलेत आणि लंघन करवलंत. टायफॉइड कळला तो आतड्याला भोक पडल्यावर, ऑपरेशनच्या दारात.

ती बाटली टायफॉइड दाखवत नाही, नुसती घाण दाखवते. तेव्हा पाण्यानेच झालं असं कुठला डॉक्टर लिहून देणार नाही. ह्याच्या आड मी अडीच महिने लपले. तुम्ही गेल्यावर विहिरीत औषध टाकलं, दोनदा टाकलं. पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओतलं, दोर सोडून ढवळलं, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसलं. दोन्ही वेळा आठवड्यात बाटली पुन्हा काळी. तो खड्डा तिथे असेपर्यंत औषध तरी काय करणार? काल विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या. तेव्हाच ह्यांना सगळं सांगितलं. हे कालपासून माझ्या हातचं जेवलेले नाहीत.

हे पत्र तू आधी एकटा वाचशील आणि माझी अब्रू राखायची म्हणून फाडून टाकावंसं वाटेल तुला. फाडू नकोस. आनंदी सांगत होती, तू घरात स्वरदाला 'कचोरीबाई' म्हणतोस, आणि वर्ष वाया घालवल्याबद्दल अजून तिला ऐकवतोस. पत्र तिला समोर बसवून मोठ्याने वाच. आनंदीही तिथे असू दे. आजारी लेकराला उपाशी ठेवलंस ते तुझं. ते मी माझ्या अंगावर घेणार नाही.

मी स्वरदाची माफी मागत नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकेल, तसली पोर आहे ती. तिला तेवढीही सक्ती नको. तिला फक्त खरं कळू दे, आणि मला मेसेज करायचा नाही म्हणून सांग.

अक्का म्हणून सही करायला हात धजत नाही.

मालविका