विठा आत्याच्या मोबाईलमधले फोटो

अंबरनाथ,
रविवार दुपार

प्रिय मनाली,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले. खोडणार होते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू दिलं. हाताने लिहिलेलं पत्र बघून तू चपापशील. कॉलेजात लेक्चर चालू असताना वहीच्या मागच्या पानावर काहीबाही लिहून आपण एकमेकींकडे सरकवायचो, त्यानंतर मी तुला हाताने काही लिहिलेलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू न उघडता वरच्या वर वाचलं असतंस आणि दोन दिवसांनी ‘अगं, आत्ता बघितलं’ म्हणाली असतीस. तुझी ती युक्ती मला पाठ आहे. म्हणून हा कागद.

आधी बातम्या. आईचे गुडघे सोडले तर आई बरी आहे. बाबा ऑर्डनन्समधून रिटायर झाल्यापासून घरातल्या प्रत्येक स्क्रूच्या मागे लागलेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मिक्सर उघडला, तो अजून टेबलावर उघडाच आहे आणि आम्ही चटणी खलबत्त्यात कुटतोय. मी त्याच हापिसात, त्याच खुर्चीवर. परवा रिक्षाने जाताना उल्हासनगरला कॅम्प चारमधलं ते बोर्डवाल्याचं दुकान दिसलं. आपण तुझ्या लग्नाचा बोर्ड तिथेच करून घेतला होता. ‘मॅडम, शादी में लोग खाना खाने आते हैं, फोटो कौन भेजेगा?’ असं तो सिंधी काका म्हणाला होता, आणि आपण दोघी परत येईपर्यंत त्याची नक्कल करत हसत होतो. परवा मी रिक्षात मान दुसरीकडे वळवून बसले.

बोर्डाची कल्पना तुझीच. फोटोग्राफर मान तिरकी करायला लावतो, नवऱ्याकडे बघून खोटं हसायला लावतो, आणि मग सगळ्या नवऱ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, असं तुझं म्हणणं. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नकळत काढलेलं जे सापडेल तेच खरं लग्न, असं तू म्हणाली होतीस. मला ते इतकं पटलं की सगळं काम मी अंगावर घेतलं. बोर्डावरचा चौकोन स्कॅन करायचा आणि आपल्याकडचे फोटो त्यात टाकायचे, इतकं सोपं. बदलापूरच्या हॉलच्या दारात बोर्ड लावला आणि थोड्याच वेळात कळलं, की तुमच्या सोनिवलीची निम्मी मंडळी त्या बोर्डाशेजारी उभं राहून स्वतःचेच फोटो काढून घेतायत. मग मी खुर्च्यांच्या रांगांमधून फिरले. प्रत्येकाचा मोबाईल हातात घेतला, कुठे दाबायचं ते दाखवलं. जेवले सगळ्यांत शेवटी, तेव्हा जिलेबी संपली होती.

लग्नानंतरही कितीतरी दिवस मी लोकांच्या मागे लागले होते. काय काय आलं त्यात! गुड मॉर्निंगचे गुलाब आले, लाइटबिल आलं, कुणाची तरी विकायला काढलेली म्हैस चारी बाजूंनी आली. पण तू म्हणाली होतीस तसं लग्नही आलं. तुझे बाबा मांडवामागे उभे राहून चोरून जिलेबी खातायत, डॉक्टरांनी बजावलेलं असताना. तुझा नवरदेव सुयोग स्टेजवर बसल्या बसल्या झोपलाय आणि त्याचा फेटा त्याच्या एका डोळ्यावर आलाय. तू पाठवणीच्या आधी आरशात बघून नाकातली नथ दाबत्येस आणि तुझा चेहरा लहान मुलीसारखा झालाय. तो फोटो बघून मी हापिसात रडले होते. हे तुला सांगितलं नव्हतं.

आता हळदीचं. एफवायला असताना कँटीनमध्ये आपलं ठरलं होतं, जिचं लग्न आधी होईल तिला पहिली हळद दुसरीने लावायची. आपल्यातली तिसरी, वृंदा, म्हणाली होती, ‘आणि मी काय नुसतं जेवायला येऊ?’ तुझं ठरल्यावर ती गोष्ट मी काढली नाही, तूच काढलीस. मला संध्याकाळी यायला सांगितलंस. आपल्याकडे हळद म्हणजे संध्याकाळचा डीजे आणि मटणाचं जेवण, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आले तेव्हा मांडवात दिवे लागले होते आणि तू पाटावर बसली होतीस. चेहरा स्वच्छ. डीजे बंद करायला लावून तू माईकवर सांगितलंस, किर्ती आली, आता पहिली हळद लागणार. मी लावली. तुझ्या कानामागे आणि केसांच्या कडेला पिवळं दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणालीस, ‘सकाळी फेसपॅक लावला होता गं.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या, वृंदाने शिट्टी मारली. मला भरून आलं. तुझी आई बाजूला उभी होती, तिचेही डोळे भरलेत असं मला वाटलं.

लग्न होऊन महिना होत आला असेल, तुझा फोन आला. अल्बम कुठवर आला विचारलंस, आणि जाता जाता म्हणालीस, ‘विठा आत्याचे फोटो आले असतील तर घेऊ नकोस, तिला काही काढता येत नाही, सगळे हललेले असतात.’ आत्याचे फोटो येऊन पडले होते, पण मी उघडलेच नव्हते. हॉलवर तिने मला विचारलं होतं, ‘कंचं कंचं धाडू गं पोरी?’ आणि मीच तिचा अंगठा धरून दाखवलं होतं, इथे दाबा, सगळे निवडा, सगळे पाठवा, मी बघते. तू नको म्हणालीस म्हणून मला आत्याची दया आली. म्हातारीचा एखादा तरी फोटो अल्बममध्ये असावा म्हणून त्याच दिवशी मी ते उघडले.

आत्याने खरोखरच सगळं पाठवलं होतं. हळदीच्या दिवशीचं तुमचं अंगण, टळटळीत ऊन. तू पाटावर, चेहरा, हात, पाय हळदीने माखलेले. तुझ्या काकवा, माम्या, शेजारणी रांगेने लावतायत. मी स्वतःला समजावलं, हे घरातलं, देवाचं असेल, त्यात बाहेरचं कुणी नसतं. पुढचा फोटो वृंदाचा होता. तिच्या नाकाला हळद होती आणि ती तुझ्या गालाला दोन्ही हातांनी लावत होती. मग मी म्हटलं, मोठ्यांनी ठरवलं असेल, तुझ्या आईपुढे तुझं काही चाललं नसेल. तुझ्यासाठी मी इतक्या सबबी शोधल्या, की तूही शोधल्या नसत्यास.

मग तो व्हिडिओ आला. आत्याने फोटो काढायला जाऊन चुकून केलेला, निम्मा वेळ तिच्या पायाचा अंगठाच दिसतो. पण आवाज स्वच्छ आहे. आत्या विचारते, ‘तुजी ती अंबरनाथची मैतरीन आली नाय गं? पयली हलद ती लावनार व्हती ना?’ तुझी आई म्हणते, ‘देवाचं तेवढं आपल्या आपल्यात होऊ दे, वन्सं.’ आणि मग तू. तू हसतेस आणि म्हणतेस, ‘तिला संध्याकाळचं सांगितलंय आत्या. तोवर तोंड धुऊन घेते. तिला काय कळतंय!’

मनाली, मला बोलावलं नसतंस तर मी रुसले असते आणि महिन्याभरात विसरले असते. ‘आईला चालत नाही, तू उशिरा ये’ असं तोंडावर सांगितलं असतंस तरी मी आले असते. चिडून, पण आले असते. तू तोंड धुऊन बसलीस. आणि त्या मांडवात जितकी माणसं टाळ्या वाजवत होती त्या सगळ्यांना ठाऊक होतं, की हळद दुपारीच लागून गेलीय. माझे भरलेले डोळे त्या सगळ्यांनी बघितले. वृंदाने शिट्टी मारली, ती तोंड धुऊन बसलेली दुसरी. रात्री मी घरी जाऊन आईला सगळं रंगवून सांगितलं, आणि ती बिचारी खूश झाली.

जात हा शब्द आपल्यात कधी आला नाही, याचा मला केवढा अभिमान होता. हापिसात कुणी काही बोललं की मी तुझं उदाहरण द्यायचे. तुझी आई आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा भिंतीवर कुणाचे फोटो आहेत ते तिने एकदा नीट बघून घेतलं आणि चहाला नको म्हणाली, पित्ताचा त्रास सांगून. ते मी तेव्हाच ओळखलं होतं, आणि तिचं मला फार लागलंही नाही. तिची पिढी, तिचं गाव, मी समजून घेत आले. तू मात्र बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे येऊन खिरीच्या दोन वाट्या संपवायचीस. आता ती खीर आठवली की मला प्रश्न पडतो, घरी जाऊन तू त्याचं काय सांगत असशील?

अल्बम मी पूर्ण केला, तूही तो पाहिलास. हळदीच्या पानावर मी आत्याचा एक फोटो लावला होता, वृंदा तुला हळद लावत्येय तो, भर उन्हातला. व्हिडिओबद्दल मी काही बोलणार नव्हते. वाटलं होतं, हा फोटो बघून तू एक शब्द तरी बोलशील. चुकलं म्हण, आईने जबरदस्ती केली म्हण, अगदी खोटं म्हटलं असतंस तरी चाललं असतं मला. मी तुझ्या शेजारीच बसले होते. तू त्या पानावर थांबलीस, माझ्याकडे न बघता पान उलटलंस आणि म्हणालीस, ‘बाइंडिंग मस्त झालंय गं.’ त्यानंतर तुझा फोन नाही. मीही केला नाही. राग अजून गेलेला नाही, आणि तुझी आठवण येते याचा तर त्याहून जास्त राग येतो.

हे सगळं आत्ता का लिहिते, ते सांगते. माझं लग्न ठरलंय. महेंद्र नाव, इथलाच, एमआयडीसीत नोकरीला आहे, माणूस सरळ वाटतो. आमच्यात विधी फार नसतात, पण हळद हौसेने लावतात, आणि पहिली हळद मनालीच लावणार, असं आई सगळ्या चाळीत सांगत सुटलीय. तिला मी काही सांगितलेलं नाही. त्या रात्री तिच्यासमोर मी जे रंगवून सांगितलं, तेच ती अजून बायकांना सांगते. तुझ्या हातात आहे त्या पाकिटावर तुझं नाव तिने स्वतः लिहिलंय, चष्मा लावून, आधी दुसऱ्या कागदावर गिरवून. आत पत्रिका घातली होती, ती मी काढून घेतली आणि हे पत्र घातलं. आईच्या लेखी निमंत्रण तुला पोचलेलं आहे. दोन दिवसांत तिचा फोन येईल, पोरी सकाळपासूनच ये, असं सांगायला. तिला काय सांगायचं ते तू ठरव. मला तिच्यासमोर तोंड उघडवत नाही.

आजवर खाली ‘तुझीच’ लिहीत आले. आज नुसतं नाव.

किर्ती