पायरीवरचं पाणी

११ मे, सोमवार

पोचले एकदाची. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत एका दुमजली घराचा वरचा मजला मिळालाय. खाली घरमालकीण आनंदाबाई, वर मी आणि एक अजस्र कूलर. तो सुरू झाला की गल्लीतलं कुत्रं दचकून उठतं. पण हवा गार देतो, त्यामुळे त्याला सगळं माफ.

इथे कशाला आले ते आधी लिहून ठेवते. आमच्या पुण्याच्या कंपनीला आफ्रिकेतल्या मुलांना कोडिंग शिकवायची हौस आहे. झांबियात चिपाता नावाचं गाव आहे, तिथल्या एका शाळेतली सहावीची मुलं. जुलैत कंपनी एका स्वयंसेवकाला तिकडे पाठवणार, पण त्याआधी त्याने सहा आठवडे ऑनलाइन शिकवायचं, तेही वर्ध्यात राहून. वर्धाच का, तर वर्धा म्हटलं की सेवा, असं साहेबलोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. बाकीच्यांनी मे महिन्यातलं वर्धा ऐकूनच हात वर केले. मी कारंजा घाडग्याची, हायवेवरच्या टायरच्या दुकानात वाढलेली. मला उन्हाची भीती कोण घालणार? विमानात आजवर बसले नाही. जुलैत बसणार म्हणजे बसणार.

दुपारी जिन्याच्या वरच्या पायरीवर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला दिसला. माठातलं पाणी, वाळ्याचा वास. आनंदाबाईंचा पाहुणचार दिसतोय. मी उभ्या उभ्या सगळं प्याले.

१२ मे, मंगळवार

पहिला वर्ग. आपल्याकडे दुपारचा दीड, तिकडे सकाळचे दहा. इथे भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि तिकडे मुलं स्वेटर घालून बसलेली. मला हसूच आलं. मी घाम पुसतेय हे बघून तीही हसली. ओळख तिथेच झाली.

कंपनीचा एक नियम मात्र डोक्यात जातो. मागची खोली दिसता कामा नये. आपण पडद्यावर दिसायचं आणि मागे कंपनीचं नाव असलेलं निळं बॅकग्राउंड. सॉफ्टवेअर माणूस तेवढा ओळखून ठेवतं, बाकी सगळं निळ्यात गडप करतं. खोलीत चड्ड्या वाळत घातल्या तरी चालतील, हा त्यातला फायदा.

मुलांनी सगळ्यात आधी दीप सरांची चौकशी केली. माझ्याआधी इथे धम्मदीप नावाचा मुलगा शिकवायचा. आमचा समन्वयक रुपेश म्हणाला होता की तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलाय. पहिल्या बाकावरची चिसोमो नावाची मुलगी फारच मागे लागली. सर बरे आहेत का, आमची आठवण काढतात का. वर्षभर कुणी धड उत्तरच दिलं नाही म्हणे. मला वाईट वाटलं. मी ठोकून दिलं की सर मजेत आहेत आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. पोरं इतकी खूश झाली की मीही खूश.

१५ मे, शुक्रवार

आठवडा झकास गेला. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा कशी करून घ्यायची, ते मुलांना शिकवलं. पडद्यावरचं मांजर त्यांनी इतकं पळवलं की मलाच दम लागला. रोज सरांना नमस्कार येतो, रोज मी सरांचा नमस्कार परत करते. आता तो पायंडाच पडलाय.

रोज तांब्याही असतो. मी पिते आणि रिकामा करून खाली नेऊन देते. आनंदाबाईंनी आज तो घेताना माझ्याकडे जरा टक लावून बघितलं.

बॅकग्राउंडने आज माझा डावा कान खाल्ला. केस, कान यांच्यात सॉफ्टवेअरचा गोंधळ होतोच. मुलांना बिनकानाच्या बाई फार आवडल्या.

१९ मे, मंगळवार

आज मुलांनी 'आमचा वर्ग' या विषयावर छोटी चलचित्रं बनवून आणली होती. चिसोमोच्या चित्रात मी टेबलाशी बसलेय, आणि माझ्या मागे एक उंच माणूस उभा आहे. मी विचारलं हे कोण, तर ती म्हणाली, दीप सर. मग मी दुसऱ्यांची चित्रं बघितली. सगळ्यांच्या चित्रांत तो आहे.

मी विचारलं, सरांना तुम्ही कुठे बघितलंत? मुलं गोंधळली. तुमच्या मागेच तर असतात, म्हणाली. आधी दाराशी असायचे, आता खुर्चीजवळ असतात. तुम्हीच तर रोज त्यांचा नमस्कार सांगता.

मला माझ्या पडद्यावर फक्त मीच दिसते. माझाही डावा खांदा आता निळ्यात गेलाय. भूतखेत मानायचं नाही, हे आमच्या घरात पाळण्यापासून शिकवलेलं. वर मी इंजिनियर. कॅमेरा पुसला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. खांदा आला नाही.

२१ मे, गुरुवार

आज आनंदाबाईंनी तांब्या घेताना माझा हात धरला. इतके दिवस त्यांना वाटत होतं की मी पाणी ओतून देते. मी पिते हे कळल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

ते पाणी माझ्यासाठी नव्हतंच. धम्मदीप मागच्या नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, याच खोलीत गेला. वर्ग चालू असताना लाइट गेली, कूलर बंद पडला. लॅपटॉप बॅटरीवर आणि नेट मोबाइलवर चालू राहिलं, आणि हा मुलांना अर्धवट सोडून उठायला तयार नव्हता. ऊन डोक्यात गेलं. खुर्चीतून पडला, तो मुलांना दिसलाच नाही, कारण पडद्यावर त्याच्या जागी निळं झालं. नवतपात दुपारी इथे कुणी कुणाच्या दाराला जात नाही. दोन दिवस तो तसाच पडून होता, आणि कंपनीच्या यंत्रणेत दोन दिवस त्याची हजेरी लागलेली होती, असं पंचनाम्यात निघालं म्हणे.

"तो वरतं तहानेनं मेला ना माय, अन् मी खाली झोपून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "म्हून ठेवतो मी पानी. त्याइच्या धर्मात नसते म्हने असं काई. पन तहान तं सगळ्याइलेच लागते."

मग म्हणाल्या, "तू बापाच्या घरी चालली जाय कारंज्याले. त्याचं पानी तुया पोटात गेलं."

बघते, म्हटलं. रडू आलं ते भीतीने नाही, संतापाने. तिकडून मुलं रोज हाक मारतात, इकडून कोणीतरी रोज पाणी ठेवतं, आणि मधे बसून मी त्याचे खोटे नमस्कार वाटते. मग तो जाईल तरी कसा?

२२ मे, शुक्रवार

रुपेशला फोन केला. आधी त्याने हवापाण्याची चौकशी केली. मी सरळ विचारलं, तेव्हा म्हणाला की मुलांच्या मनावर परिणाम नको म्हणून वरूनच तसं ठरलं होतं. मी म्हटलं, मी मुलांना सांगणार. तो म्हणाला, सांगितलंस तर जुलै विसर, आणि कदाचित वर्गही बंद होईल.

चोर तो चोर वर शिरजोर. जुलै गेला उडत. आज वर्गात तोंड उघडलं, तर मुलं म्हणाली आवाज येत नाही, नुसते सर दिसतायत. माझा चेहरा अर्धा उरलाय.

मी जाणार नाही. पळून गेले तर मीही 'दुसऱ्या प्रोजेक्टवर' जाईन आणि मुलं जन्मभर वाट बघत बसतील. आवाज जात नसेल तर नसू दे. त्यांचंच मांजर वापरते. मांजर चालत येईल आणि एकेक वाक्य बोलेल, असा छोटा प्रोग्राम दोन दिवसांत लिहून काढते.

२५ मे, सोमवार

नवतपा लागला. तांब्या पायरीवर आहे. मी शिवणार नाही, तो त्याचा आहे. नळाचं पाणी उकळल्यासारखं येतंय, माझी बाटली संपलीय, खाली जाऊन भरून आणायची तर वर्गाची वेळ झाली.

मुलं बसलीयत. मांजर दाखवणार तेवढ्यात लाइट गेली. नेटही. थांबते. उठणार नाही मी. तो नाही उठला, मीही नाही—

डोकं फार दुखतंय. खोली तापलीय. कुणीतरी खुर्चीची पाठ धरलीय. धर बाबा. मी तुझीच वकिली करतेय.

आता बरं वाटतंय. घाम थांबला. डोकंही थांबलं.

२६ मे, मंगळवार

कूलर बंदच आहे, पण उकडत नाही. तहान नाही. आनंदाबाईंनी जिन्यावरून हाक मारली. मी ओ दिली. त्या स्वतःशीच म्हणाल्या की गेली वाटते कारंज्याले, बरं झालं. मी पुन्हा ओरडले. त्या उतरून गेल्या.

बाबांना फोन लावला. ते हॅलो हॅलो करत राहिले. मग कुणाला तरी म्हणाले, पोरीच्या फोनवरून नुसता कूलर ऐकू येऊन राह्यला.

कूलर तर बंद—

२७ मे, बुधवार

सांगितलं.

लाइट आली, नेट आलं. मी मांजर सोडलं. ते चालत मधे आलं आणि एकेक वाक्य बोललं. दीप सर मागच्या वर्षी याच खोलीत वारले. ते तुम्हाला टाकून गेले नाहीत. त्यांना तुमच्याकडे यायचं होतं. त्यांचे नमस्कार मी खोटे सांगितले. माफ करा.

चिसोमोने उठून मोठ्याने वाचलं. बाकीच्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. कुणी रडलं, कुणी नाही. मग सगळी उभी राहिली आणि एकदम म्हणाली, पितानी ब्विनो. जाणाऱ्याला तिकडे असंच म्हणतात. नीट जा.

खुर्चीच्या पाठीवरचा भार गेला. जिन्यावर तांब्याचं झाकण वाजलं. मी पाहिलं, पाणी अर्धं झालं होतं. प्याला असेल. जा बाबा, सुखाने जा. तुझ्या नशिबाने मी हट्टी निघाले.

परत आले तर मुलं पडद्याला डोळे लावून बसलेली. चिसोमो विचारत होती, बाई, सर गेले. पण खुर्ची रिकामी आहे. तुम्ही कुठे आहात?

मी हात हलवला. बॅकग्राउंड बंद केलं. खोली दिसली, भिंत दिसली, खुर्ची दिसली.

मी इथे आहे. लिहितेय ना—

२८ मे, गुरुवार

दार फोडलं. बाबा आलेत. माझ्या अंगावरून गेले, थांबले नाहीत. खुर्चीच्या मागे जमिनीवर काहीतरी बघून खाली बसले. आनंदाबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या. बाबा माझं नाव घेतायत, पण जमिनीकडे बघून.

मी तिकडे बघणार नाही. नाही बघणार.

जिना माणसांनी भरला. पायरीवर आज दोन तांबे आहेत.

मी पिणार नाही. मी तहानलेली नाही. रागावलेली आहे.

लॅपटॉप अजून चालू. यंत्रणेत माझी हजेरी सगळे दिवस पूर्ण. दीड वाजला. मुलं आली आहेत. पडद्यावर रुपेश दिसतोय, केस विंचरून, मागे निळं. मुलांना सांगतोय की आकांक्षा मॅडम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या. मजेत आहेत. त्यांनी सगळ्यांना नमस्कार—

नाही.

चिसोमो हसतेय. ती मला नमस्कार पाठवतेय. नको गं. नको पाठवू. थांब, मांजर कुठे ठेवलंय, मी लिहिते, खोटं आहे ते, मी इथेच, या खोलीत, सोमवारी दुपारी मी—