दादा, पाटे कडक की नरम?

प्रिय दादा,

एरवी डायरीत मी स्वतःशीच वाद घालते. आज तुझ्याशी घालायचा आहे, कारण बोईसरच्या गॅरेजमधून मिस्त्रीचा सकाळी पुन्हा फोन आला. "दीदी, गाडी लकड़ी के गुटके पे खड़ी है. पाटा कौन सा डालूँ, बोल दो. मेरी जगह अटकी है." मी म्हटलं, उद्या सांगते. नेहमी हेच म्हणते.

तुला हसू येईल. पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी तुझी बहीण तुझ्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे निवडते आहे. वहिनीनं सांगितलं, "तुमी शिकलेल्या, ताई, तुमीच ठरवा." नाही म्हणता आलं नाही.

तू काय आरंभलं होतंस, ते मला आत्ता कुठे कळतंय. आपल्या घिवलीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात पिकअपची पुढची बाजू सारखी मोडायची. दोन चाकं दोन वेगळ्या हातांवर टांगलेली, आज हा हात वाकला, उद्या तो. वैतागून तू ते सगळं कापून काढलंस आणि जुन्या जीपचा एकसंध अ‍ॅक्सल बसवलास. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच दणकट लोखंड. आता त्याच्यावर गाडी पेलायला पोलादी पाटे हवेत, आणि तेवढंच ठरवायचं राहिलं. दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. काम अर्धं टाकून उठायची सवय तर तुला कधीच नव्हती ना?

मिस्त्रीकडे दोन जोड आहेत, दोन्ही तूच आणून ठेवलेले. एक आखूड, जाड, भरपूर पट्ट्यांचा, तो कडक. दुसरा लांब, थोड्या पट्ट्यांचा, तो नरम. मी विचारलं, "भैयाने कौन सा बोला था?" तो म्हणाला, "सुबह बोले कड़क. शाम को बोले नरम. फिर बोले, रुक, सोचके बताता हूँ."

घरी आले तर तिथं तेच. वहिनी म्हणते, कडक. होडी किनाऱ्यावर ओढताना तू दोर गाडीच्या पुढच्या हुकाला बांधणार होतास आणि गाडी उलटी मागं घेणार होतास, म्हणजे होडी डोळ्यांसमोर राहील. तेव्हा सगळा भार नाकावर येतो. नरम पाटा तिथं बसलाच म्हणून समजा. हे तिला तूच सांगितलंस.

आणि आईला सांगितलंस, नरम. "मला म्हनाला, आये, बोईसरला गुडघा दाखवाया जाशील तं पालखीत बसल्यावानी जाशील." हे सांगताना ती स्वतःचा गुडघा चोळत होती.

दादा, तू दोघींना दोन गोष्टी का सांगितल्यास? ज्याला जे आवडेल ते बोलून मोकळा होत होतास? की तुझंही खरंच ठरत नव्हतं? पहिलं खरं असेल तर मला तुझा राग येतो. दुसरं खरं असेल तर थोडं बरं वाटतं, आणि बरं वाटल्याबद्दल वाईट वाटतं.

मी वाचलं, विचारलं, तेवढीच गोंधळले. पाटा मऊ घेतला तर होडी ओढताना नाक जमिनीला टेकेल. कडक घेतला आणि मागं बर्फ-मासळी भरली, तर पुढची बाजू हलकी होऊन रस्ताभर उडत राहील, स्टिअरिंग हातात राहणार नाही. गाडी धड झाली नाही तर वहिनीला मासळी किनाऱ्यावरच विकावी लागेल, व्यापारी देईल त्या भावात. चूक झाली तर माझी. भोगायची तिनं.

शेवटी मला एकच खात्रीची गोष्ट सुचली. वजन. पुढं किती भार बसतो तेवढं तरी नक्की कळेल. मिस्त्रीनं भंगारातले पाटे तात्पुरते लावले आणि हळूहळू गाडी पाम गावच्या वाटेवरच्या वजनकाट्यावर आणली. फक्त पुढची चाकं काट्यावर चढवायची. मिस्त्री उतरला. आणि मला वाटलं, रिकाम्या गाडीचं वजन काय उपयोगाचं? चालवणारा धरायला हवा.

म्हणून मी चालकाच्या सीटवर वाळूची पोती ठेवायला लावली. तुझ्या अंगाच्या मानानं दोन. तेही कमी वाटलं, म्हणून वर तिसरं अर्धं. तुला जाडा म्हटलेलं आवडायचं नाही, पण हिशेब म्हणजे हिशेब.

वहिनी रिक्षातून उतरून आली. दार उघडून बघत राहिली.

"हे काय ठेवलंत?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "दादा."

ती म्हणाली, "यवडे काय नव्हते ते." आणि हसली. मग पदर खोचून तिनं एकेक पोतं ओढून खाली टाकलं.

"वहिनी, मला वजन बघायचंय."

"मग बघा ना. ते नाय बसनार आता, ताई. मी बसनार हाय." आणि बसली. तुझ्या जागेवर बसल्यावर तिचे पाय पेडलला जेमतेम पोचत होते. गाडी शिकतेय हे तिनं मला तोवर सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "आणि होडी?"

"होडी वढाया मानसं हायत. दोराला हात लावला का टोपलीतला वाटा मिळतो, म्हाताऱ्या पन त्याच आशेनं येतात. गाडी लावली तं त्यांचा वाटा गेला. मला बाजारात न्याया कोन हाय?"

दादा, इतके दिवस मी सगळ्यांना विचारत हिंडले, की तुला काय हवं होतं. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नाही. एकटी मीच का? तूही विचारलं नव्हतंस ना?

होडी ओढायचीच नाही, म्हणून नरम पाटे लावतोय. मिस्त्री म्हणाला, "एक पट्टी ऊपर से बढ़ा देता हूँ. बैठ गया तो देखेंगे." म्हणजे त्यालाही नक्की माहीत नाही. हे बरोबर झालं का? कोण जाणे. कडक जोड ग्रीस लावून पडवीत ठेवला आहे. मन अजून पडवीकडे जातंच.

पण एक कबूल करते. तुझ्या जागेवर पोती पुन्हा ठेवणार नाही. पहिल्या फेरीला वहिनी चालवेल, आई शेजारी बसेल. मी मागं टोपल्यांबरोबर बसेन आणि बोईसर येईपर्यंत, गाडी नीट चाललीय ना, असं एकदाही विचारणार नाही.

तुझी,
मंगल