मोनिकाच्या बाळाची गोधडी

पिशोर, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंजुषास,
सारजाक्काचे अनेक आशीर्वाद. जाड काळ्या पेनानं अंदाजानं लिहितेय, ओळ ओळीवर चढली तर समजून घे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, अन् आज मला लई बोलायचंय.

मोनिकानं बाळाची गोधडी तुला शिवायला दिली म्हणं. माझी सख्खी नात! या घरातलं एकेक लेकरू माझ्या गोधडीत वाढलं. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला, तो काही परत येत नाय. समोरच्याचं तोंडच दिसत नाय, कान तेवढे दिसतात. अन् तू अडुसष्टाव्या वर्षी सुईत दोरा ओवतेस! एकाच आईच्या पोटच्या ना गं आपण? लहानपणी दुधावरची साय तुला, आता डोळेही तुलाच. जळफळाट होतो माझा, जा!

शिव, पण मला दाखवल्याशिवाय देऊ नको.

चिडलेली, तरी माया न सुटलेली,
सारजाक्का

हर्सूल, ता. १३ नोव्हेंबर

ती. सारजाक्कास,
मंजूचा शि. सा. न. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. मी सारखी आजारी असायचे म्हणून साय मिळायची, हे बरं सोयीनं विसरतेस! तुझे डोळे असे असताना गोधडी मागून तुला दुखवायला मोनिका घाबरली, इतकंच.

माझ्या जावयांबरोबर गोधडी पाठवतेय. सोबत गुळवेलीचा काढा आहे. प्रतिकारशक्ती वाढली की डोळ्यांना जोर येईल, नाक दाबून पी.

मीही तुझ्यावर जळायचे आक्का. तुझ्यासारखे टाके मला कधी जमले नाहीत, आणि आई ते चारचौघांत बोलून दाखवायची. या वेळी मात्र तुझ्या बरोबरीला आले असं वाटतंय.

रागावलीस तरी विसरू नकोस,
मंजू

पिशोर, ता. १५ नोव्हेंबर

चि. सौ. मंजुषास अनेक आशीर्वाद.
काढा ओतून दिला. असल्या काढ्याचं डॉक्टरांना मागंच विचारलं होतं, ते हसले. म्हणाले, आजी, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती चुकीच्या जागी लढतेय. वय झालं की डोळ्याच्या पडद्याखाली कचरा साठतो. अंगातले रखवालदार त्याला शत्रू समजून तुटून पडतात, अन् त्या हाणामारीत चांगला पडदाही खराब होतो. घराण्यातही चालतं म्हणाले.

आता गोधडी. बोट फिरवलं. काठाजवळच्या चार ओळी सरळ. पुढं एक ओळ दुसरीला जाऊन भिडते, परत लांब पळते. मी मोठ्यानं हसले. सूनबाईला, सोनियाला म्हटलं, बघ, ही म्हणं माझ्या बरोबरीला आली! दिवसभर खुशीत होते. जेवायला बसले अन् हात धुऊन परत गोधडी चाचपली. तू वाईट शिवतेस, पण इतकं वाईट नाय. तुला त्या ओळी सरळ दिसल्या ना?

माझं असंच सुरू झालं होतं. दाराची चौकट वाकडी दिसायची, मी सुताराला शिव्या घालत बसले. त्यात वर्ष गेलं.

फोनवर तू हसून उडवशील, म्हणून तुझ्या जावयांच्याच हाती चिठ्ठी देतेय. चष्मा लाव, एक डोळा झाक अन् खिडकीचे गज बघ. मग दुसरा झाक. गज वाकले तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. तुझे डोळे जावेत असं माझ्या मनात आलं होतं मंजू. देवानं ते ऐकलेलं नसू दे.

तुझी वाट बघणारी,
सारजाक्का

हर्सूल, ता. १९ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न.
उजवा डोळा झाकला आणि गज वाकडे झाले. तशीच गेले. डाव्या डोळ्यात तुझाच आजार, पण सुरुवातीचा. पडद्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या गळतायत. डोळ्यात इंजेक्शन दिलं, आता दर महिन्याला घ्यायचंय. वेळेत आलात, नजर टिकायची चांगली आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. कुणी ओळखलं विचारलं, तर मी सांगितलं, माझ्या बहिणीनं, तिला दिसत नाही.

ती गोधडी उसवून टाक गं.

तुझ्या बोटांची ऋणी,
मंजू

पिशोर, ता. २ डिसेंबर

चि. सौ. मंजुषास अनेक आशीर्वाद.
सोनियानं पत्र वाचलं अन् मी देवापुढं साखर ठेवली. गोधडी उसवली नाय, तशीच मोनिकाला दिली. वाकड्या ओळी तुझ्या नावावर राहू देत.

पण तुला खोटं लिहवत नाय. साखर ठेवून वळले अन् परत जळफळाट झाला. तुझ्यासाठी मी होते. माझ्या वेळी माझ्यासाठी कोण होतं गं?

पुढच्या इंजेक्शनला मी येतेय, दर महिन्याला येईन. हात धरून बाहेर बसेन. पट्टी निघाली की तू सांगशील, आक्का, तुझं तोंड नीट दिसतंय. तेव्हा मी खूश होईन अन् जळेनही. हात सोडणार नाय, पण जळणंही सुटायचं नाय. दोन्ही सोसून घे.

तुझीच,
सारजाक्का