उजवीकडचा डबा

३ फेब्रुवारी

वरच्या आजोबांचं आज पुन्हा सुरू — "अगं, उजवीकडचा डबा! हा नाही, त्याच्यामागचा!" मग आजींची पावलं. मग डब्याचं झाकण. माझ्या छतातून सगळं ऐकू येतं.

आजोबांचे पाय गेलेत, कायम पलंगावर. आजींना काही आठवत नाही, न्हाणीघर कुठल्या बाजूला तेही नाही. ते सांगतात, त्या करतात. पाण्याच्या पंपाचं बोलायला वर गेलो तर आजोबा म्हणाले, "माझं डोकं, हिचे पाय. दोघांत मिळून एक धडधाकट माणूस — जावयापेक्षा बराच! पण आमच्या लेकीजवळ बोलू नकोस हं. हिला उचलून आश्रमात ठेवेल."

मी शब्द दिला.

११ फेब्रुवारी

आजोबा गेले. सकाळी, झोपेतच. मी वर गेलो तेव्हा आजी पलंगाशेजारी उभ्या, हातात रिकामा कप. पुढचं सांगायची वाट बघत.

१४ फेब्रुवारी

त्यांची लेक आली आहे. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी सगळं तपासलं — गॅस, गोळ्या, दाराची कडी. आजींची एक चूक नाही! ताई खूश. "आई तर ठणठणीत आहे, मी उगीच घाबरले."

मी तिथेच होतो. प्रत्येक कामाआधी आजी थांबतात. मान जराशी वाकडी, पलंगाकडे. मग हात जातो बरोबर उजवीकडच्या डब्याकडे — आणि तिथून आणखी मागे सरकतो. त्याच्यामागचा.

१७ फेब्रुवारी

घरी आणलेल्या एका शर्टाची कॉलर जाळली. लाँड्रीत इतकी वर्षं इस्त्री करतोय, असं कधी झालं नव्हतं. ताई परवा जाणार. आजी एकट्या, हाताशी गॅस, आणि मी बरोबर खाली! बोललो तर शब्द मोडतो. नाही बोललो तर —

दुपारी आजींनाच विचारलं, "तुम्हाला सांगतं कोण?"

त्या हसल्या. "हे काय, इथेच तर आहेत. बडबड थांबते का यांची?"

पलंगावर चादर ताणून बसवलेली. मधोमध खळगा. इतक्या दिवसांत गादी वर यायला हवी होती.

१८ फेब्रुवारी

ताईंना सांगितलं. सगळं. त्या रडल्या. "बरं झालं बोललास, भाऊ."

बरोबरच केलं मी. बरोबरच केलं.

१९ फेब्रुवारी

आजींना आश्रमात नेलं. जिन्यात थांबून, मागे वळून म्हणाल्या, "अहो, चला ना!"

ताई म्हणाल्या, "आई, चल." वर कुलूप. किल्ली माझ्याकडे दिली.

२२ फेब्रुवारी

ताईंचा फोन. "अरे, आईला चमचासुद्धा धरता येईना. ताटासमोर नुसती मान वाकडी करून बसते. चार दिवसांत इतकी कशी ढासळली?"

मी म्हटलं, जागा नवीन आहे, ताई.

२३ फेब्रुवारी

कामावर निघालो. माझ्या दाराला कुलूप लावलं, नेहमीसारखं तीनदा ओढून पाहिलं. वरून हाक आली — "अरे, इस्त्री!"

परत आत गेलो. चालूच होती.

वरच्या घराची किल्ली माझ्या खिशात आहे.