हत्तीण कापायची नाही

मी, खाली सही करणारी बाई, गॅरेजवाल्याची विधवा, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीनं आणि स्वतःच्या हातानं लिहिते. गावच्या शाळेत शिकले, त्यामुळे अक्षर वळणदार आहे. बोलणं सरळ आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायला वकीलबाईंनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गाडीच्या पुढच्या टायरमध्ये खिळा आहे तेही सांगितलं. त्यांनी लगेच ‘शुद्धीत आहे’ असं लिहून घेतलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता. आताही नाही. पण घरात दोन शहाणे झाले की कागद केलेला बरा.

१. दोन्ही खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला. ठेव किती, हे तिला कुणी विचारू नये. विचारलं तर तिनं माझ्यासारखं बहिरं व्हावं. मुलाला खोल्या नकोत. त्याचं घर आहे आणि त्या घरात त्याची बायको आहे, तिच्यापुढे माझंही काही चालत नाही.

२. माझ्या नणंदेला जुन्या गाडीचा काढून ठेवलेला, मागचं बघायचा आरसा. ‘हिला गाडीचं तोंड कुठलं नि पाठ कुठली ते कळत नाही’ असं ती माझ्या लग्नात म्हणाली होती. मागचं उकरायची तिला हौस आहे, आता आरशात बघून उकरावं.

३. शेजारच्या रंगाऱ्यानं आमचा तेराचा पाना ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेला. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्याचं ‘आत्ता’ काही उजाडलं नाही. तो पाना मी त्यालाच देते. आता त्यानं मला रस्त्यात बघून गल्ली बदलायची गरज नाही.

४. गॅरेज आणि हत्तीण. इथं जरा लांबेल.

हत्तीण म्हणजे ह्यांनी हौसेनं घेतलेली जुनी मोठी गाडी. तिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर हवेच्या चार रबरी पिशव्या, आणि त्यांत हवा भरायला एक कंप्रेसर. रात्री ऐटीत उभी असते. सकाळी बघावं तर मागच्या डाव्या अंगावर म्हशीसारखी बसलेली. वर समोर पिवळा दिवा: ट्रॅक्शन कंट्रोल बंद. चाक घसरायला लागलं की सावरून घेणारी ती यंत्रणा. तीच रुसली, तर पावसात हत्तिणीवर विश्वास कोण ठेवणार?

गॅरेज चालवतात दोघं. माझा मुलगा बघतो वायरी, आणि माझे जावईबापू बघतात खालचं सगळं. दिवा म्हणून मुलानं चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. चार दिवस बरं, पुन्हा दिवा. बसते म्हणून जावईबापूंनी गाडी लिफ्टवर उचलली, पिशवीवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. मग म्हणाले, कंप्रेसर गेला. नवा घातला. तोही धापा टाकायला लागला.

“दाजी, तुमची हवा गळते.”

“मेहुणे, तुमची वायर खोटं बोलते. गाडी उंच आहे की बसलीय तेच कंप्रेसरला कळत नाही.”

“कंप्रेसरला कळतं. तुम्हाला कळत नाही.”

झालं. गॅरेजच्या मधोमध ताडपत्री आली. अलीकडे मुलगा, पलीकडे जावई, आणि हत्तीण आज इकडे, उद्या तिकडे, माहेर-सासर करणारी. गिऱ्हाईक दारातच विचारायचं, “कुठल्या बाजूला लावू?” आणि मग दुसऱ्या गॅरेजात लावायचं. माझी मुलगी नवऱ्याला डबा द्यायला यायची, ताडपत्रीखालून भावाला चटकन एक घास सरकवायची. गॅरेज ह्यांनी दोघांच्या हातात दिलं होतं. अशानं ते ना ह्याचं राहणार, ना त्याचं.

म्हणून काल मी पुढचं कलम लिहिलं. ते मी आज खोडलं आहे, पण वाचता येईल असं खोडलं आहे:

‘गॅरेजच्या मधोमध भिंत घालावी. भिंतीत येणारी हत्तीण वेल्डरनं गॅसकटरनं कापावी. पुढचा भाग मुलाला, म्हणजे दिवा त्याच्याकडे. मागचा भाग जावईबापूंना, म्हणजे गळती त्यांच्याकडे. दोघांनी सुखात राहावं.’

साक्षीला बोलावलेला वेल्डर आला तोच खडू घेऊन. मी सांगितलं तशी त्यानं हत्तिणीच्या पाठीवरून पोटाखालपर्यंत पांढरी रेघ ओढली आणि अगदी गंभीर होऊन विचारलं, “वहिनी, डिझेलची टाकी कुणाकडे धरू?”

मुलगा ओरडला, “आई, डोकं फिरलंय का तुझं?”

“नाही रे. वकीलबाईंचा दाखला आहे.”

जावईबापू, ह्यांना मामा म्हणणारे, सहसा माझ्यासमोर बोलत नाहीत. तेही म्हणाले, “आई, असं करू नका. मामांची गाडी आहे.”

“तुमच्या मामांनी ही गाडी कधी एकट्यानं दुरुस्त केली का, ते सांगा. मग कापत नाही.”

आम्ही ती कशी दुरुस्त करायचो, ते दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं. हे चाकांच्या फळीवर पाठ टाकून खाली सरकायचे आणि मी वर, दोन उशा घालून, ड्रायव्हरच्या सीटवर. हे खालून हाक मारायचे, मी वरून ओ द्यायची आणि काटा काय दाखवतो ते सांगायची. एकानं आत बसायचं, एकानं खाली झोपायचं. आमचा निम्मा संसार तसाच झाला. भांडणंही तशीच, तोंड न बघता.

रात्री मी झोपले. आज सकाळी चहा ठेवला तर खिडकीतून आवाज आला.

“मेहुणे!”

“ओ!”

ताडपत्री वर गुंडाळलेली. हत्तीण लिफ्टवर नव्हे, जमिनीवर, स्वतःच्या वजनासकट. मुलगा आत स्कॅनर घेऊन, जावईबापू फळीवर. लिफ्टवर चाक लोंबकळतं, पिशवी ताणली जाते आणि घडीतली चीर मिटते. जमिनीवर भार पडला की तीच चीर तोंड उघडते. साबणाच्या पाण्याला असा फेस आला, की धुणं काढलंय म्हणावं.

“दाजी, चाकाच्या सेन्सरचा सिग्नल गेला!”

“गाडी बसली ना आत्ता, ती सेन्सरच्या वायरीवरच बसली. वर रबर धड आहे, आत तांबं तुटलंय. ओढतो, बघा.”

“आला! गेला! आला! सेन्सर बिचारा चांगला होता की हो.”

“माझा पहिला कंप्रेसरही तसा गुणीच होता. गळकी घागर भरून भरून मेला.”

म्हणजे दुखणं एकच. पिशवी गळायची, गाडी वायरीवर बसायची, दिवा लागायचा. एक वरचं बघत होता, एक खालचं, आणि मधे ताडपत्री. मग फळीवरून हसण्याचा आवाज आला आणि इकडे माझा चहा उतू गेला.

तेव्हा कलम ४ आता असं: गॅरेज आणि हत्तीण दोघांची मिळून, न वाटता. चाकांची फळी आणि माझ्या दोन उशा त्याबरोबर. हत्तिणीला हात लावायचा तर एकानं आत, एकानं खाली. पाळी बदलत जावी, म्हणजे खाली किती घाण असते ते मुलाला कळेल. भिंत घालणाऱ्याला यातलं काही मिळणार नाही. ते सगळं रंगाऱ्याला जाईल, आणि तो काहीही परत करत नाही हे वर लिहिलंच आहे.

५. खडूची रेघ पुसू नये. पावसानं जाईल तेव्हा जाईल.

ज्यांना काही मिळतं त्यांनी साक्षीदार व्हायचं नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून ज्यांना माझ्याकडून चहाशिवाय काही मिळणार नाही, अशा दोघांसमोर सही केली.

साक्षीदार पहिला: वेल्डर. (कटर न वापरताच परत नेला. जरा हिरमुसला आहे.)
साक्षीदार दुसरी: गाड्यांच्या सीटा शिवणारी. (सही टाक्यासारखी आहे, पण तिचीच आहे.)

लिहून देणार: सही, माझी.

स्थळ: मागची खोली, गॅरेजकडची खिडकी उघडी.
दिनांक: बारा तारीख, सकाळ. पिशवी बदलली, वायर जोडली, हत्तीण चारही पायांवर उभी. दिवा विझलेला. गाडीखालून मुलीच्या नावानं हाक चालू आहे, फडकं हवंय म्हणे. ती इथं नाही, म्हणून मीच ओ देते आणि कागद इथं थांबवते.